चौसष्ट पौंड शिल्लक

मालमोटारीला कोणतं टायर घालावं, याबद्दल भोरात आता माझा सल्ला कोणी घेत नाही. एके काळी घेत असत. एके काळी म्हणजे सन चव्वेचाळीसच्या वैशाखात, जेमतेम तीन आठवडे. पण तेवढ्या अवधीत मी या विषयावर इतकं बोललो की एके दिवशी पानावर बसलेलो असताना आमची ही म्हणाली, "पोळी खाताय की तिचे पदर मोजताय?" मी खरोखरच मोजत होतो. चार होते.

मी गद्रे मास्तर. भोरच्या शाळेत तेव्हा बावीस वर्षं गणित शिकवत आलो होतो, आणि गावातल्या निम्म्या कर्त्या पुरुषांना मी निदान एकदा तरी नापास केलेलं होतं. रस्त्यात ते मला नमस्कार करत आणि बोळात वळत. याचा मला अभिमान वाटत असे. ज्या माणसाचा एकही आकडा कधी चुकला नाही त्याला अभिमान नाही वाटणार तर कुणाला वाटणार?

सुरुवात धोंडाबाईपासून झाली. ही हिर्डोशीची म्हातारी. दर बाजाराला आठ कोस चालत भोरात यायची, डोक्यावर हिरड्यांची पाटी, आणि जाताना आमच्या ओटीवर करवंदांचा एक द्रोण ठेवून जायची. त्या दिवशी तिने द्रोण ठेवला, पण उठली नाही. पायरीवरच बसून राहिली. आमच्या हिने पाण्याचा तांब्या दिला तो तिने हातातच धरून ठेवला.

"काय झालं, धोंडाबाई?"

"मास्तर, आमी बियानं खाल्लं."

एवढंच म्हणाली, आणि तेही दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशा आवाजात. आदल्या साली नाचणी पोटरीत असतानाच पाऊस गेला होता, हे मला ऐकून माहीत होतं. कणग्या रिकाम्या झाल्याचंही कानावर होतं. पण बियाण्याची गाडगी फोडली याचा अर्थ मलाही कळतो. ज्या घरात बियाणं खाल्लं जातं त्या घराचं यंदाचं नव्हे, पुढचंही साल संपलेलं असतं.

मी दुसऱ्याच दिवशी कामथडीच्या चिमाजी पाटलांना निरोप धाडला. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, अर्थात नापास. पाटलांनी आसपासच्या वाड्यांतून विचारून कळवलं की दोन खंडी नाचणी निघेल. थोडी बियाण्याला, बाकीची पोटाला. नवं पीक आलं की हिर्डोशीकरांनी धान्याचं धान्य परत करावं. मात्र पोहोचवायची व्यवस्था मास्तरांनी बघावी, कारण त्या उन्हाळ्यात खुरकुताच्या साथीने पंचक्रोशीतले बैल बसले होते. आणि मृगाच्या आत पोहोचायला हवी, कारण एकदा रस्त्याचा चिखल झाला की हिर्डोशीला माणूस जातो, चाक जात नाही.

म्हणजे मोटार हवी. मोटार भोरात होती. दिलावरची. दिलावर माझ्या हातून इयत्ता पाचवीत दोनदा नापास होऊन मोटारीकडे वळला होता आणि त्यात त्याचं बरं चाललं होतं. युद्धामुळे पेट्रोल गेलं तर त्याने गाडीच्या कुशीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली. पण संक्रांतीला मागची दोन टायरं गेली, आणि टायर म्हणजे त्या दिवसांत सरकारी परवान्याशिवाय डोळ्यांनीसुद्धा न दिसणारी वस्तू. तेव्हापासून गाडी चिंचेखाली विटांवर उभी होती आणि तिच्या टपावर खुर्शिदा, म्हणजे त्याची बायको, सांडगे वाळत घालत होती.

मी गेलो तर दिलावरने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "गाडी माजी, कोळसा माजा, गाडी हाकनारा म्या. तुमी फकस्त टायरं आना."

फकस्त! हा शब्द माझ्या अजून लक्षात आहे.

परवान्याच्या आधी शेजाऱ्यांचा सल्ला आला. तो मागावा लागत नाही. आमच्या शेजारचे मानसिंगराव पहिल्या युद्धात बसऱ्याला जाऊन आले होते, आणि बसऱ्यात न घडलेली गोष्ट जगात घडत नाही असं त्यांचं मत होतं. "टायर कशाला पाहिजे? आम्ही बसऱ्यात फाटक्या टायरात गवत ठासून वीस-वीस मैल मारलेत." त्यांनी आमच्या गोठ्यातला भाताचा पेंढा स्वतःच्या हाताने दिलावरच्या जुन्या टायरात ठासला. गाडी दीड फर्लांग गेली. मग चाकातून धूर निघाला. पेंढा विझवायला आमच्या विहिरीचे चाळीस पोहरे लागले आणि दोन दिवस गाय उपाशी राहिली. मानसिंगराव म्हणाले, "तिथला पेंढा वेगळा होता."

मग दिलावरने मला टायराची विद्या सांगितली. टायरात कापडाचे पदर असतात, एकावर एक, मधे रबर. सहा पदरी, आठ पदरी, दहा पदरी. पदर जितके जास्त तितकं ओझं टायर झेलतं. "मास्तर, धा पदरीच आना."

"कशावरून?"

"अंदाजानं."

बावीस वर्षं ज्या शब्दाला मी छडी मारत आलो तो शब्द त्याने माझ्याच तोंडावर वापरला. मी म्हटलं, "दिलावर, अंदाज करून तू दोनदा नापास झालास. आता मी हिशेब करतो."

आणि केला. रखमाजी वाण्याच्या दुकानात गेलो आणि एक पायली नाचणी मोजून तराजूत घालायला सांगितली. रखमाजीने पायली भरली, सवयीने तिच्या तोंडावरून फळी फिरवली, वरचे दाणे परत पोत्यात पाडले आणि तोलली. बरोबर आठ पौंड. बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. दोन खंडी म्हणजे चारशे ऐंशी पायल्या, म्हणजे तीन हजार आठशे चाळीस पौंड. आता फक्त गाडीचं स्वतःचं वजन हवं होतं, आणि ते गाडीच्या मूळ कागदांत होतं. मूळ कागद वेल्ह्याला होते, कारण गाडी आधी तिथल्या एका जंगल ठेकेदाराची होती.

वेल्ह्याला मी नसरापूरपर्यंत सर्विस मोटारीने आणि पुढे पायी गेलो. तिथल्या ज्या कचेरीत गेलो तिचं नाव सांगत नाही, कारण त्या कारकुनाची मुलगी पुढे आमच्या नात्यात आली. त्याने माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "गाडी घेऊन या. समक्ष पाहिल्याशिवाय वजनाचा दाखला देता येत नाही."

"गाडी चालत नाही. तिला टायर नाहीत."

"मग ती गाडी नाही. गाडी नसेल तर तिचा दाखला कसा देणार?"

"टायर मिळावं म्हणूनच दाखला हवा आहे."

"टायर मिळालं की या."

मी त्याला शांतपणे विचारलं की त्याचं शिक्षण कुठे झालं. ते भोरलाच झालं होतं. त्याने मला ओळखलं होतं, मी त्याला ओळखलं नव्हतं. मला त्याने दोन दिवस मारुतीच्या देवळात मुक्काम करायला लावला. पहिल्या दिवशी शिक्का पेटीत होता आणि पेटीची किल्ली सासुरवाडीला गेली होती. दुसऱ्या दिवशी किल्ली आली पण शाई सुकली होती. शेवटी त्याने दाखला दिला. त्यात गाडीचं वर्णन "जड वाहन, सध्या स्थिर" असं होतं. वजन मात्र होतं: चार हजार चारशे पौंड.

परत येताना मी वाटेतच गणित सोडवलं. मागच्या आसावर गाडीचा भार दोन हजार, धान्याच्या पाच हिश्श्यांतले चार हिस्से, बेरीज करून दोन चाकांत वाटणी. एका चाकावर पंचवीसशे छत्तीस पौंड. आठ पदरी टायर सव्वीसशे झेलतं आणि दहा पदरी तीन हजार. म्हणजे आठ पदरी पुरतं, वर चौसष्ट पौंड शिल्लक. मार्गासनीच्या ओढ्यावर बसून मी ती वजाबाकी तीनदा पडताळली. मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

पुण्यातल्या परवान्याच्या कचेरीत फॉर्मावर एक रकाना होता: एका चाकावर येणारा जास्तीत जास्त भार. लोक तो कोरा सोडत किंवा "खूप" असं लिहीत. मी २५३६ लिहिलं. खिडकीतला माणूस चष्मा काढून माझ्याकडे बघू लागला. "अहो, इथे आकडा लिहिणारे तुम्ही पहिलेच." त्याने ताबडतोब शिक्का मारला. मी तिथे उगाच पाच मिनिटं जास्त उभा राहिलो.

गुदामात आमच्या मापाची टायरं होती. आठ पदरी चार आणि दहा पदरी दोन. गुदामवाला म्हातारा भला माणूस होता. कागद वाचून म्हणाला, "डोंगरात जायचंय ना? मग ही दहा पदरी घेऊन टाका. परवान्यात बसतात."

रांगेत माझ्यामागे दहा-बारा माणसं होती. मी घसा साफ केला. "माझा भार पंचवीसशे छत्तीस आहे. आठ पदरी सव्वीसशे झेलतं. चौसष्ट पौंड शिल्लक राहतात. देशात टंचाई असताना गरजेपेक्षा दोन पदर जास्त नेणं मला योग्य वाटत नाही."

म्हाताऱ्याने खांदे उडवले. माझ्यामागच्या गृहस्थाने ती दहा पदरी जोडी घेतली. त्याची वऱ्हाडं वाहणारी मोटार होती.

टायरं घरी आली तेव्हा दिलावरने कडेला अंगठ्याने दाबून बघितलं. "आठच?"

"हिशेबाने आठ पुरतात."

"हिशेबात हिर्डोशीची चढन धरली का?"

"चढणीने वजन वाढत नाही, दिलावर."

"बरं," तो म्हणाला आणि पान्हा घेऊन कामाला लागला. खुर्शिदाने टपावरचे सांडगे उचलले.

रोहिणी सरत आलेली असताना आम्ही कामथडीला पोहोचलो. धोंडाबाई आधीच येऊन बसली होती. धान्य आपल्या डोळ्यांदेखत गावी न्यायचं म्हणून ती हिर्डोशीहून दोन दिवस चालत आली होती. चिमाजी पाटलांच्या खळ्यात आसपासच्या वाड्यांतून माणसं आली होती, बायका पाट्या भरून नाचणी आणत होत्या आणि ढीग वाढत होता. बनाबाई म्हणून एक म्हातारी पदरात बांधून पायलीभर घेऊन आली. तिच्या घरी त्याहून जास्त नव्हतं असं मागाहून कळलं.

मोजणीला खुद्द पाटील बसले. मी पाटी-पेन्सिल घेऊन बाजेवर बसलो. नाचणीच्या धुरळ्याने मला शिंका येतात, म्हणून नाकावर उपरणं बांधलं आणि ढिगाकडे पाठ केली. मोजणी ऐकू येत होती, तेवढं मला पुरत होतं.

"लाभ!" पाटील ओरडले.

मी वळून म्हटलं, "पाटील, एक म्हणा."

"देताना एक म्हनत न्हाईत, मास्तर. लाभ म्हनत्यात."

"मग मी पाटीवर काय लिहू? लाभ हा आकडा नाही."

"तुमी एक लिवा. आमी लाभ म्हनतो."

यावर बरीच चर्चा झाली. शेवटी मी एक लिहिला आणि पुन्हा पाठ केली. पुढे दोन, तीन, चार नीट चाललं. प्रत्येक वीस पायल्यांना मी आडवी रेघ मारत होतो. मधे एकदा दिलावर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. पायलीकडे बघत होता, मग माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी बोट वर केलं, कारण मी मोजत होतो. तो निघून गेला आणि टायरात हवा भरायला लागला.

चारशे ऐंशी. एक कमी नाही, एक जास्त नाही. मी पाटी पाटलांना दाखवली, दिलावरला दाखवली आणि पोती शिवून झाली. धोंडाबाई पोत्यांवर चढून बसली तेव्हा मला हिशेबाची आठवण झाली. ती ऐंशी पौंडांच्या वर नव्हती, म्हणजे एका चाकावर चाळीस. मी मोठ्याने म्हणालो, "तरी चोवीस पौंड शिल्लक आहेत."

तिला वाटलं मी कुरकूर करतोय. "मास्तर, म्या उतरून चालू का? मला सवय हाय."

"बसा हो," मी म्हणालो. तिला चालू दिलं नाही एवढीच त्या दिवसातली एक गोष्ट मी बरी केली.

भोर मागे पडलं. गाडी खोकत, धूर सोडत निघाली होती. दिलावर नेहमी बोलका, पण त्या दिवशी गप्प होता आणि गाडी इतकी हळू हाकत होता की मी त्याला दोनदा म्हटलं, "अरे, जरा वेग घे, आभाळ आलंय." वर धोंडाबाई पोत्यांवर हात फिरवत बसली होती. हिर्डोशी एक कोस राहिली होती. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला उतार, खाली ओढा. तिथल्या वळणावर मागचं उजवं टायर फुटलं.

दिलावरने गाडी उताराच्या बाजूने खेचून डोंगरावर घातली, म्हणून आम्ही तिघं जिवंत आहोत, निदान त्या दिवशी तरी राहिलो. गाडी कुशीवर आडवी झाली. गॅसची भट्टी उखडून त्याच्या उजव्या पायावर बसली. मला खरचटलंसुद्धा नाही. पोती उतारावरून गडगडत गेली, दगडांवर फुटली, आणि लाल दाणे ओढ्यापर्यंत पसरले. धोंडाबाई गवतात फेकली गेली होती. ती उठली, इकडेतिकडे बघितलं आणि बसूनच उतारावर सरकत खाली जायला लागली, मुठीमुठीने नाचणी पदरात भरत. मी तिला हाक मारत होतो. तिने मान वर केली नाही.

चाळीसातली अकरा पोती वाचली. बाकीच्यांवर त्याच संध्याकाळी पाऊस पडला आणि दोन दिवस पडत राहिला. हिर्डोशीच्या माणसांनी दिलावरला घोंगडीच्या झोळीत घालून, बांबूला टांगून आठ कोस भोरात आणला. पोटात दाणा नसताना ही माणसं त्याला वाहत होती, आणि मी छत्री धरून शेजारून चालत होतो. माझी छत्री त्याच्यावर पुरत नव्हती. पाय जोडला, पण वाकडा जोडला गेला.

मग चौकशी झाली. कुठल्याशा कचेरीतून एक साहेब दिलावरच्या घरी आला. त्याने मला विचारलं, गाडीत जास्त भार होता का? मी पाटी पुढे केली. चारशे ऐंशी पायल्या, तीन हजार आठशे चाळीस पौंड, टायराच्या आत, चौसष्ट शिल्लक.

"टायर कोरं, भार कमी. मग फुटलं कसं?"

मी म्हणालो, "आकड्यात चूक नाही. एवढं मी खात्रीने सांगतो."

"म्हणजे चालकाचा दोष."

मी होय म्हणालो नाही. हे मी आजवर अनेकांना सांगितलंय, की मी होय म्हणालो नाही. पण नाहीही म्हणालो नाही. त्याने कागद पुढे सरकवला आणि मी सही केली. दिलावरचा गाडी हाकायचा परवाना रद्द झाला. तो शेजारच्याच खोलीत बाजेवर पडलेला होता, दार उघडं होतं.

मी स्वस्थ बसलो नाही. टायर बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं, गुदामाला लिहिलं, माझा हिशेब जोडून तीन प्रती पाठवल्या. उत्तरं आली नाहीत. मानसिंगराव म्हणाले, बसऱ्यात असं कधी झालं नाही. श्रावणात तापाने धोंडाबाई गेली, हे बाजाराला आलेल्या एका बाईने सांगितलं. ताप हे निमित्त. तिच्या वाट्याची भाकरी ती नातवंडांना घालत होती, हेही त्याच बाईने सांगितलं. एक गोष्ट मात्र तिने हसून सांगितली: उतारावर सांडलेली नाचणी पावसाने उगवली, अख्खा उतार हिरवा झाला, आणि हिर्डोशीकरांनी ती रोपं उपटून नेऊन आपापल्या डोंगरातल्या वरकस रानात लावली.

दिवाळीनंतर एक दिवस आमच्या ओटीवर एक तरुण बाई येऊन बसली. डोक्यावर पाटी, पाटीत नाचणी. धोंडाबाईची सून चंद्राबाई. म्हणाली, "कामथडीची परतफेड पाटलांकडं चालली हाय. ही एक पायली तुमाला. सासूबाई सांगून गेल्या व्हत्या, पयली पायली मास्तरांच्या दारात वता."

मी म्हटलं, मला कशाला? पण आमची ही आतून पायली घेऊन आली होती. चंद्राबाई नाचणी ओतायला लागली. पायली भरली तरी ती थांबेना. वर डोंगर झाला, टोक आलं, दाणे चारी बाजूंनी ओटीवर ओघळायला लागले. मी सवयीने तळहात पुढे केला आणि वरचं सपाट करायला गेलो, तर तिने माझा हात धरला. परक्या बाईने माझा हात धरायची ती पहिलीच वेळ.

"मास्तर, देन्याच्या धान्याची शीग मोडू न्हाई," ती म्हणाली. "वान्याचं माप न्हवं हे. कामथडीकरांनी तरी आमाला सपाट दिलं व्हतं का? समद्या पायल्या शिगंनंच मोजल्या. सासूबाई मरंस्तवर त्येच सांगत व्हत्या. म्हनायच्या, पायली दिसत नव्हती, निसती शीगच दिसत व्हती."

मी हात मागे घेतला. आमची ही म्हणाली, "एवढं तुम्हाला माहीत नव्हतं?" तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

चंद्राबाई गेल्यावर मी ती पायली शिगेसकट पंच्यात बांधून रखमाजीकडे नेली. नऊ पौंड दहा औंस. एका पायलीमागे एक पौंड दहा औंस जास्त. चारशे ऐंशीला सातशे ऐंशी पौंड. मागच्या एका चाकावर तीनशे बारा. चौसष्ट पौंड शिल्लक नव्हते, दोनशे अठ्ठेचाळीस जास्त होते, आणि धोंडाबाई वेगळीच. दहा पदरी टायर एवढं झेलून वर उरलं असतं. मी कामथडीच्या खळ्यात बसून चारशे ऐंशी अचूक मोजले होते, ढिगाकडे पाठ करून.

दिलावरकडे जायला माझा पाय उचलेना. आधी हातात काहीतरी कागद असावा असं वाटलं. म्हणून त्या साहेबाला अर्ज लिहिला: भार जास्त होता, हिशेब माझा होता, चूक माझी आहे, चालक निर्दोष आहे, परवाना परत द्यावा. बावीस वर्षांत "चूक माझी आहे" हे शब्द मी पहिल्यांदा लिहिले, आणि अक्षर इतकं वाईट आलं की अर्ज दोनदा उतरवावा लागला. दीड महिन्याने उत्तर आलं. प्रकरण बंद झालेलं असून अंकगणिताच्या कारणावरून ते पुन्हा उघडता येत नाही.

ते उत्तर घेऊनच मी गेलो. गाडी चिंचेखाली विटांवर होती, टपावर पुन्हा सांडगे होते. दिलावर पाय लांब करून बसला होता आणि त्या फुटक्या टायराच्या चपला कापत होता. आता तोच त्याचा धंदा होता. मी सगळं सांगितलं, एका दमात. शीग, नऊ पौंड दहा औंस, सही, अर्ज, उत्तर. त्याने सुरी खाली ठेवली नाही.

"म्या बगितली व्हती शीग," तो म्हणाला. "तिसऱ्याच पायलीला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी बोट वर केलं, मोजत व्हता. आन बोलून काय बोलनार व्हतो, मास्तर? ती बनाबाई घरातलं व्हतं न्हवतं त्ये वतत व्हती. तिला म्हनू, फळी फिरीव म्हनून? म्हनलं, हळू हाकू. जाईल."

"आणि चौकशीच्या वेळी?"

त्याने टायराची आणखी एक पट्टी कापली. "चौकशीच्या टायमाला म्हनलं, मास्तर बोलतील."

माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला माझ्याकडे पाटीही नव्हती. आतून खुर्शिदाने चहा आणून ठेवला. माझ्याकडे न बघता ठेवला, ते मला समजलं.

दिलावरने माझ्या वहाणांकडे बघितलं. टाचा झिजलेल्या होत्या. "पाय हिकडं करा," तो म्हणाला आणि माझ्या पावलाला काडी लावून माप घेतलं. मग त्या आठ पदरी टायराचा एक तुकडा उचलून हातात तोलला.

"वजन किती तुमचं?"

"एकशे अठरा पौंड," मी म्हणालो.

"सपाट नगा सांगू, मास्तर. शिगंसकट सांगा."

तो वाट बघत राहिला. मला आकडा सांगता आला नाही.